प्रतिज्ञा आणि परिपाठ : अहमदनगर जिल्ह्याच्या इतिहासातून शीलपालनाचा विचार

दरवर्षी अशोक विजयादशमीला आपल्या विहाराविहारांतून बावीस प्रतिज्ञांचे सामुदायिक वाचन होते. उपासक-उपासिका शुभ्र वस्त्रे परिधान करून एका सुरात प्रतिज्ञा उच्चारतात, वातावरण भारावून जाते आणि कार्यक्रम संपल्यावर मंडळी आपापल्या घरी परततात. या प्रतिज्ञांपैकी किती आपल्यासोबत घरी आल्या आणि त्यांतील किती पुढील विजयादशमीपर्यंत टिकल्या, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तो विचारणे अप्रिय वाटते. परंतु धम्मदीक्षेचा वर्धापनदिन साजरा करणाऱ्या समाजाने हा प्रश्न टाळला, तर दीक्षा ही केवळ स्मरणाची गोष्ट होऊन बसेल, अशी आम्हांस भीती वाटते.

प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने करणार आहोत. संकल्प कशाने टिकतो आणि कशाने विरून जातो, याचे पुरावे शोधण्यासाठी आम्ही अहमदनगर जिल्ह्याचे क्षेत्र निवडले आहे. २०२४ पासून या जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर असे आहे; तथापि ज्या काळाविषयी आम्ही लिहीत आहोत त्या काळात तो अहमदनगर म्हणूनच ओळखला जात असल्याने लेखात तेच नाव वापरले आहे.

शिक्षापद या शब्दाचा अर्थ

आरंभी एका शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. पंचशील ग्रहण करताना आपण जे पाली शब्द उच्चारतो, त्यांत ‘वेरमणी’, ‘सिक्खापद’ आणि ‘समादियामि’ हे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. वेरमणी म्हणजे विरती, अलिप्त राहणे. सिक्खापद म्हणजे शिक्षापद, शिकण्याची पायरी. समादियामि म्हणजे मी आपणहून स्वीकारतो. यांत कोठेही आज्ञा नाही. कोणी ईश्वर वरून हुकूम सोडीत नाही आणि तो मोडणाऱ्यासाठी नरकाची शिक्षाही सांगत नाही. येथे माणूस स्वतःच म्हणतो की, हे शिकण्याचे काम मी अंगावर घेत आहे.

ज्याला आज्ञा मोडल्यासारखे वाटते तो एक तर लपवितो, नाही तर सर्वच सोडून देतो. ज्याची शिकण्याची पायरी चुकली आहे तो पुन्हा त्याच पायरीवर पाय ठेवतो. म्हणूनच पंचशील आयुष्यात एकदा घेऊन संपत नाही. ते प्रत्येक वंदनेच्या वेळी पुन्हा घ्यावयाचे असते. पुष्कळांना ही पुनरावृत्ती केवळ रूढी वाटते. वस्तुतः शील अंगी बाणण्याची रीतच त्या पुनरावृत्तीत आहे. बावीस प्रतिज्ञांपैकी एका प्रतिज्ञेत दहा पारमितांच्या पालनाचा उल्लेख आहे. त्या दहांमध्ये अधिष्ठान, म्हणजे दृढनिश्चय, ही एक पारमिता आहे. परंतु ती एकटी नाही. तिच्यासोबत वीर्य आहे आणि क्षांतीही आहे. निश्चयाला सततचा प्रयत्न आणि सहनशीलता यांची जोड नसेल, तर तो निश्चय राहत नाही.

वतन, बलुते आणि हरेगाव

आता जिल्ह्याच्या इतिहासाकडे वळू. ज्याला आपण जुनी सवय म्हणतो, ती पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजाच्या बाबतीत केवळ मनाची सवय नव्हती. ती गावगाड्याची व्यवस्था होती. महार वतनदाराने सरकारी व गावकीची कामे करावयाची, मेलेली जनावरे ओढावयाची, मृत्यूच्या बातम्या गावोगाव पोहोचवावयाच्या आणि त्याबदल्यात बलुते व मृत जनावराचे मांस यांवर गुजराण करावयाची, अशी ती व्यवस्था होती. अकोले तालुक्यातील धामणगावी जन्मलेल्या दया पवार यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले. या एका शब्दात पिढ्यान्पिढ्यांचे जगणे कसे बांधले गेले होते, हे त्या ग्रंथाच्या वाचकांस ठाऊक आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा आणि शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे थांबविण्याचा उपदेश केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाड येथेच त्यांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले आणि पोषाख, स्वच्छता, घरात शिजणारे अन्न, मुलामुलींचे शिक्षण अशा नित्याच्या गोष्टींविषयी सांगितले. धर्मग्रंथ जाळण्याइतकेच घरातील चुलीवर काय शिजते यालाही त्यांनी महत्त्व दिले, ही बाब विचार करण्यासारखी आहे. समाजाच्या सवयी घरात घडतात आणि घरातच मोडतात, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु केवळ उपदेशाने हे होणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते. मृत मांस सोडावयाचे तर दुसरे अन्न हवे. बलुते नाकारावयाचे तर दुसरी उपजीविका हवी. म्हणूनच १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते विधेयक संमत होऊ शकले नाही. पुढे १६ डिसेंबर १९३९ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद भरली. वतनी जमिनींवरील जुडी, म्हणजे वतनदाराने सरकारात भरावयाचा सारा, वाढविण्याच्या सरकारी धोरणाचा प्रश्न तेथे ऐरणीवर होता. बाबासाहेबांनी या परिषदेत मार्गदर्शन केले आणि गाऱ्हाणी दूर न झाल्यास लढा देण्याचा मार्ग लोकांपुढे ठेवला. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा मुंबईचा अधिनियम १९५८ साली आला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

हरेगावची परिषद आपल्या विषयाशी संबंधित नाही, असे कोणास वाटेल. आमच्या मते तिचा संबंध निकटचा आहे. जो माणूस दुसऱ्याच्या तुकड्यावर अवलंबून आहे, त्याची प्रतिज्ञा दुसऱ्याच्या हाती असते. त्याने आज मृत मांस सोडले आणि उद्या गावाने बहिष्कार टाकला, तर परवा त्याच्या मुलांपुढे काय वाढावयाचे? शीलाला उपजीविकेचा पाया लागतो. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्वतंत्र स्थान आहे ते यासाठीच. व्यसन सोडण्याचा किंवा कर्ज न काढण्याचा संकल्प आज मोडतो, तेव्हा आपण त्या माणसाच्या मनोबलाला दोष देऊन मोकळे होतो. त्याच्या उपजीविकेकडे पाहण्याची दृष्टी आपण हरेगावच्या इतिहासापासून घेतली पाहिजे.

येवला ते नागपूर : २१ वर्षे आणि एक दिवस

दौंड-मनमाड लोहमार्गावर अहमदनगर, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव ही स्थानके मागे टाकली की जिल्ह्याची हद्द संपते आणि येवला लागते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून जन्मास आलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशा आशयाची घोषणा केली. तो संकल्प त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेऊन पूर्ण केला. मध्ये २१ वर्षे आणि एक दिवस गेला.

इतका दीर्घ काळ एखादा संकल्प जिवंत कसा राहिला? या २१ वर्षांचा हिशेब मांडला तर असे दिसते की, बाबासाहेबांनी आपल्या संकल्पाला एकटे सोडले नाही. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणमीमांसा लोकांपुढे मांडली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. १९५० मध्ये ते कोलंबोच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले आणि १९५४ मध्ये रंगूनला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोड येथे त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. उपासकांच्या हाती नित्य वंदनेचे साधन असावे म्हणून ‘बौद्ध पूजापाठ’ ही पुस्तिका तयार झाली आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे लेखन पूर्णत्वास गेले.

म्हणजेच एका वाक्यातील संकल्प त्यांनी अभ्यास, संस्था, प्रवास आणि लेखन अशा लहानमोठ्या कामांत वाटून दिला होता. नागपूरला १५ ऑक्टोबरच्या भाषणातही त्यांनी हीच रीत पाळली. केवळ बौद्ध व्हा असे न सांगता त्यांनी प्रत्येक बौद्धास दुसऱ्यास दीक्षा देण्याचा अधिकार असल्याचे घोषित केले आणि आपल्या प्राप्तीचा विसावा हिस्सा धम्मकार्यास देण्याचा निश्चय करावा असे सांगितले. ‘यथाशक्ती दान’ हा संकल्प मोजता येत नाही, म्हणून तो पाळला की मोडला हे कळतही नाही. विसावा हिस्सा म्हटले की शंभर रुपयांतील पाच रुपये हे मुलालाही समजते.

दीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. एवढ्या मोठ्या समाजाने प्रतिज्ञा घेतल्या, परंतु त्या दररोजच्या जीवनात रुजविण्यासाठी लागणारा भिक्षुसंघ, पाठशाळा आणि विहार यांची उभारणी व्हावयाची होती. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ज्यांनी त्या काळी दीक्षा घेतली, त्यांनी त्या बव्हंशी स्वतःच्या बळावर पाळल्या. त्यांत जे यश आले ते त्यांचे आहे, आणि ज्या उणिवा राहिल्या त्यांची जबाबदारी पुढच्या पिढ्यांनी उचलावयाची आहे.

सम्राट अशोकाचे पहिले वर्ष

प्रतिज्ञा घेतल्यानंतर उत्साह ओसरणे ही काही आजच्या उपासकाचीच अवस्था नव्हे. रूपनाथ, ब्रह्मगिरी, मास्की इत्यादी ठिकाणच्या लघुशिलालेखांत सम्राट अशोकाने स्वतःविषयी जे नोंदविले आहे ते मननीय आहे. उपासक होऊन आपल्याला अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला. पहिले एक वर्ष आपण फारसा प्रयत्न केला नाही. पुढे संघाच्या सान्निध्यात आल्यावर वर्षभराहून अधिक काळ आपण नेटाने प्रयत्न केला, अशा आशयाचा तो मजकूर आहे. सर्व सत्ता हाती असलेल्या सम्राटाचेही पहिले वर्ष शिथिल गेले आणि संघाच्या सान्निध्यानंतर त्याचा प्रयत्न वाढला. ही कबुली त्याने लपविली नाही, दगडावर कोरून ठेवली. लहान माणसालाही प्रयत्नाने हे साध्य होते, असेही तो त्याच लेखात सांगतो.

पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेची हकीकत आहे. पूर्वी तेथे दररोज लक्षावधी प्राणी मारले जात. लेख लिहिला त्या वेळी केवळ तीन, म्हणजे दोन मोर आणि एक हरिण, आणि हरिणही नेहमी नव्हे. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे त्यात म्हटले आहे. सर्व काही साधले असल्याचा आव न आणता, किती उरले आहे हे अशोक मोजून सांगतो. ज्यांना आपली सवय एका दिवसात सोडता येत नाही, त्यांनी या लेखातून धीर घ्यावा. आणि जे ‘हळूहळू सोडू’ असे म्हणत वर्षे घालवितात, त्यांनीही आपल्या घरचा आकडा असाच उघडपणे सांगता येईल काय, याचा विचार करावा.

तिसरा दाखला महाराष्ट्रातील सोपारा येथील आहे. तेथे आठव्या शिलालेखाचा अंश १८८२ मध्ये आणि नवव्याचा अंश १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, सापडला. नवव्या लेखात अशोक म्हणतो की, लोक आजारपणात, मुलामुलींच्या विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी आणि प्रवासास निघताना नाना मंगलकार्ये करतात. त्यांतील पुष्कळशी निरर्थक असतात. त्यांच्या जागी तो धम्ममंगल सुचवितो. दास आणि सेवक यांच्याशी योग्य वागणूक, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान, हे त्या धम्ममंगलाचे स्वरूप आहे.

आमच्या मते या लेखात एक व्यावहारिक सत्य सांगितले आहे. आपल्या प्रतिज्ञा सामान्य दिवशी मोडत नाहीत. त्या नेमक्या याच प्रसंगी मोडतात. मूल तापाने फणफणले की शेजारीण अंगारा आणून देते. लग्न ठरले की सोयरे मुहूर्त विचारतात, मानपान काढतात आणि सावकाराचा उंबरा झिजवावा लागतो. म्हणून संकल्प करणाऱ्याने या प्रसंगांची तयारी आधीच करून ठेवली पाहिजे. जुनी चाल काढून तिची जागा रिकामी ठेवली, तर ती चाल पुन्हा तेथेच येऊन बसते. अशोकाने तेथे धम्ममंगल ठेवले. बाबासाहेबांनी विधी नाकारताना ‘बौद्ध पूजापाठ’ हाती दिला. ज्या घरात आजाऱ्याच्या उशाशी परित्राणपाठ होतो आणि त्याच वेळी डॉक्टरांचे औषधही चालू असते, त्या घरात अंगाऱ्याला जागा सापडत नाही.

किल्ल्यातील बंदिवान आणि अभिधर्मकोश

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेसचे अनेक पुढारी स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनी आपला भारतविषयक ग्रंथ १९४४ मध्ये येथेच लिहिला, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या सहबंदिवानांत आचार्य नरेंद्र देव होते, ही गोष्ट बौद्धविद्येच्या अभ्यासकांस अधिक मोलाची वाटावी. ‘बौद्ध धर्म दर्शन’ हा हिंदी ग्रंथ लिहिणाऱ्या आचार्यांनी आचार्य वसुबंधूंच्या अभिधर्मकोशाचा, पूसँ या बेल्जियन पंडिताच्या फ्रेंच अनुवादावरून, हिंदी अनुवादही केला.

अभिधर्मकोशाच्या चौथ्या कोशस्थानात कर्माची चर्चा आहे. माणूस शील ग्रहण करतो तो क्षण तर निघून जातो. मग तो झोपेत असताना किंवा त्याचे चित्त दुसरीकडे असताना त्याचे शील कोठे असते? हा प्रश्न तेथे खोलात जाऊन हाताळला आहे. सर्वास्तिवादी आचार्यांचे मत असे की, शील ग्रहण करताना ‘अविज्ञप्ति’ नावाचे न दिसणारे काहीतरी उत्पन्न होते आणि ते माणसात प्रवाहरूपाने राहते. सौत्रांतिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अशी वेगळी वस्तू नसते. चेतनेमुळे चित्ताच्या संततीत विशेष परिणाम घडतो आणि तोच पुढे फळ देतो. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, प्रतिज्ञा ही कोठेतरी साठवून ठेवलेली ठेव नव्हे. प्रत्येक कृतीबरोबर मन थोडे थोडे बदलत जाते आणि त्या बदलालाच शील म्हणावयाचे.

याच ग्रंथात दुसरा एक भेद आहे. उपासकाचा संवर यावज्जीव असतो. उपवासाचा, म्हणजे उपोसथाचा, संवर एक अहोरात्र असतो. आठ शीले घेऊन एक दिवस-रात्र काटेकोर राहणे हे सामान्य गृहस्थालाही शक्य आहे. जन्मभर दारू सोडण्याची प्रतिज्ञा ज्याला पर्वताएवढी वाटते, त्याने एका पौर्णिमेचा दिवस आणि रात्र घ्यावी, मग दुसऱ्या पौर्णिमेची. आपल्या पूर्वाचार्यांनी बलवान आणि दुर्बल या दोघांसाठी वेगवेगळ्या पायऱ्या घालून ठेवल्या होत्या.

उपोसथाची व्यवस्था

उपोसथाचा उगम विनयपिटकाच्या महावग्गात सांगितला आहे. मगधराज बिंबिसाराने पाहिले की, अन्य पंथांचे परिव्राजक ठरावीक तिथींना एकत्र जमतात आणि लोक त्यांचे ऐकावयास जातात. त्याने तथागतांस तसे सुचविले आणि तथागतांनी ते मान्य केले. प्रारंभी भिक्षू जमून नुसते मौन बसत. लोकांनी नावे ठेवल्यावर धम्मोपदेश सुरू झाला आणि पुढे पातिमोक्खाचे पठण आले. ज्याच्याकडून दोष घडला असेल त्याने तो सांगावा, ज्याच्याकडून घडला नसेल त्याने मौन राहावे, असा नियम ठरला. वर्षावासाच्या अखेरीस पवारणा असे. तीत भिक्षू संघाला विनंती करतो की, माझ्याविषयी काही पाहिले, ऐकले वा शंका आली असेल तर ती मला सांगावी.

या व्यवस्थेचे मर्म असे की, तीत ठरलेली तिथी आहे, म्हणून आठवण ठेवण्याचे ओझे एकट्यावर पडत नाही. समान शील घेतलेली माणसे आहेत, म्हणून एकटेपणा नाही. दोष सांगण्याची जागा आहे, म्हणून लपवालपवी नाही. दोष सांगितल्यावर त्या माणसाला हाकलून न देता पुन्हा मार्गावर घेतले जाते. मनाच्या पातळीवर हेच शिक्षण तथागतांनी राहुलास दिले. आरशात जसे मुख पाहावे तसे कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतरही ते तपासून पाहावे, असे त्यांनी त्याला सांगितले. खोटे बोलण्यासंबंधी राहुलास केलेल्या उपदेशाचे भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार श्रवण करावे, अशी इच्छा अशोकानेही आपल्या भाब्रू लेखात व्यक्त केली आहे.

राळेगण आणि जामखेड

अर्वाचीन काळात याच जिल्ह्यात चांगल्या सवयी रुजविण्याचे दोन प्रयोग गाजले. दोन्ही बौद्ध चळवळीबाहेरचे आहेत. म्हणूनच तुलनेस उपयोगी आहेत.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने दारूबंदी आणि जलसंधारण यांचे कार्य उभे राहिले. पाणी अडविण्याचे त्या गावाचे काम नावाजण्याजोगे आहे. परंतु दारू पिणाऱ्यास खांबाला बांधून मारण्याची पद्धतही तेथे अवलंबिली गेली आणि हजारे यांनी ती लपविलेली नाही. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातील स्त्रीला हा उपाय दिलासा देणारा वाटला असेल, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि पट्ट्याच्या भीतीने जे सुटते ते शिक्षापद नव्हे, कारण त्यात ‘मी आपणहून स्वीकारतो’ हा शब्द नाही. शिवाय गावाच्या नावाने मारण्याचा अधिकार एकदा मान्य केला, की तो उद्या कोणावर चालेल, हे गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्या समाजाला कोणी सांगण्याची गरज नाही.

जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावोगावच्या स्त्रियांना, ज्यांत अनेक निरक्षर आणि अनेक दलित होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. स्वच्छता, बाळंतपणातील काळजी, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी देणे अशा गोष्टी त्यांनी घरोघर रुजविल्या. या स्त्रिया एकदाच शिबिर करून घरी गेल्या नाहीत. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, गावात काय साधले आणि काय अडले ते एकमेकींना सांगत, आणि नवे शिकून परत जात. आम्हांस यात उपोसथाचीच रीत दिसते. ज्या स्त्रीचा स्पर्श गावाला चालत नव्हता, तिच्या हातून गावाच्या सवयी बदलल्या, हा या प्रयोगाचा सामाजिक अर्थही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

वर्षावास आणि गळीत हंगाम

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करण्याची प्रथा महाराष्ट्रातील विहारांत रुजली आहे. ही प्रथा म्हणजे आपल्या हाती असलेले सर्वांत मोठे साधन आहे. नगर जिल्ह्याच्या दृष्टीने तिला आणखी एक अर्थ आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर निघतात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. म्हणजे वर्षावासाचे तीन महिने ती गावी असतात आणि वर्षावास संपताच प्रवासाला लागतात. विहार मागे राहतो, परित्राणपाठ मागे राहतो, आणि थकलेल्या अंगाला कोपीवर दारू मात्र सहज मिळते. अशोकाने प्रवासाचा प्रसंग वेगळा मोजला, त्याचे महत्त्व येथे कळते.

म्हणून आम्ही उपासक-उपासिकांपुढे पुढील विचार ठेवतो. वर्षावासाच्या आरंभी प्रत्येक कुटुंबाने बावीस प्रतिज्ञांपैकी जी आपल्या घरात सर्वांत दुबळी आहे अशी एकच निवडावी आणि ती मोजता येईल अशा शब्दांत सांगावी. ‘खर्च कमी करू’ असे न म्हणता ‘मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढणार नाही’ असे म्हणावे. दर पौर्णिमेस विहारात त्याविषयी बोलण्यास वेळ राखून ठेवावा, आणि बोलणाऱ्याची कोणी टिंगल करू नये, हा विहाराचा नियम असावा. आश्विन पौर्णिमेस पवारणेच्या रीतीने एकमेकांस विचारावे. जी कुटुंबे हंगामाला जाणार आहेत, त्यांपैकी एकाच टोळीत असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच ठरवावे की, पौर्णिमेच्या सायंकाळी कोणाच्या कोपीपुढे त्रिशरण-पंचशील होईल. भिक्षूवाचून ते अडत नाही. उपासकाने उपासकास धम्म देण्याचा अधिकार नागपूरलाच मिळालेला आहे. आणि विहाराने विसाव्या हिश्श्यातील काही भाग अशा कुटुंबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी व अडीनडीसाठी वेगळा ठेवावा. उचलीच्या ओझ्याखाली असलेल्या माणसाला केवळ शीलाचा उपदेश करणे म्हणजे हरेगावचा धडा विसरणे होय.

ज्याचे शील मध्येच तुटले असेल त्याच्याविषयी एक शब्द सांगणे अवश्य आहे. त्याला बाजूला सारण्याची प्रवृत्ती आपल्या विहारांतही दिसते. सम्राट अशोकाचे पहिले वर्ष शिथिल गेले म्हणून कोणी त्याला उपासक मानण्याचे सोडले नाही. शिक्षापद म्हणजे पायरी. ती चुकलेल्या माणसाला पुढच्या पौर्णिमेस पुन्हा बोलवावे आणि त्याच्या शेजारी बसून आपणही पुन्हा पंचशील घ्यावे.